कौलं चिकटवली म्हणून घर जुनं होत नाही

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या कौलारू घराला मागच्या बाजूने काँक्रीटची, काचेची, सपाट छपराची जोड दिलेली दिसली की पुढचा वाद ठरलेला असतो. एक गट म्हणतो, घराचा खून केला. दुसरा विचारतो, म्हणजे आम्ही जन्मभर शेणानेच सारवत बसायचं का? पुण्याच्या पेठांमध्ये वाड्यांवरून हेच चालतं, फक्त तिथे घरमालक, भाडेकरू आणि बिल्डर असे आणखी तीन आवाज मिसळतात. या साऱ्या भांडणात एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना मान्य असते: निकाल घर कसं दिसतं यावर लावायचा. फोटो बघायचा आणि हळहळायचं, नाहीतर टाळ्या वाजवायच्या. मग कधीतरी समेट होतो. स्लॅब घाला, पण वरून कौलं चिकटवा. काँक्रीटचे खांब उभे करा, पण त्यांना सागवानी रंग द्या आणि फायबरची महिरप लावा. वारसावाले खूश, सोयवाले खूश. हा समेटच मला या वादातला सगळ्यात वाईट निकाल वाटतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. जुन्या घराला नवी जोड द्यायला हरकत नाही, आणि ती उघडपणे नवी दिसायलाही हरकत नाही. तिने जुन्या घराची रीत मात्र पाळली पाहिजे. पावसाचं पाणी कुठून कुठे जातं, वारा कुठून शिरतो आणि कुठून बाहेर पडतो, भिंत ओल कशी टाकते, वजन कशावर बसलंय, उन्हाची तिरीप कुठे अडते, ही घराची रीत. जी जोड हे सांभाळते ती लोखंडाची असली तरी त्या घराची आहे. जी सांभाळत नाही ती अस्सल सागवानाची आणि कोरीव कामाची असली तरी त्या घरात उपरीच.

आधी त्या 'परंपरागत' रूपाचंच बघू, ज्याच्या रक्षणासाठी एवढी तलवार उपसली जाते. कोकणी घर म्हटलं की डोळ्यांपुढे लाल मंगळुरी कौलं येतात. ती आली कुठून? बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. यंत्रावर दाबून काढलेली, एकमेकांत अडकणारी, सगळी एका मापाची ही कौलं म्हणजे त्या काळातला शुद्ध कारखानी माल होता. त्याआधी किनाऱ्यावरची घरं कुंभाराच्या हातच्या नळ्यांनी नाहीतर गवता-पेंढ्याने शाकारलेली असत. मंगळुरी कौल आलं तसा छपराचा सांगाडाही बदलला; कौलाच्या मापाने ठरावीक अंतरावर रिपा मारणं आलं. त्या काळच्या एखाद्या वृद्धाने 'हे कारखान्यातलं परदेशी छप्पर आपल्या घरावर शोभत नाही' असं म्हटलं असेल, तर आज त्याचे पणतू कोणत्या छपरासाठी गळा काढताहेत? पेशवाईतल्या वाड्याचंही तेच. सुरूच्या झाडासारखे निमुळते होत जाणारे खांब आणि पाकळीदार महिरपी आपण उत्तरेतल्या मुघल-राजपूत इमारतींकडून घेतल्या. एकोणिसाव्या शतकात त्याच वाड्यांना बिडाचे कठडे आणि रंगीत काचा आल्या. आज आपण हे सगळं एकत्र बघतो आणि म्हणतो, वा, काय अस्सल वाडा आहे!

गोव्याचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज मुलखातली देवळं पाडली गेली, देव जुवारी ओलांडून अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा परिसरात न्यावे लागले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला. पुढे तिथे जी मोठी देवळं उभी राहिली त्यांचे घुमट, अष्टकोनी बांधणी, कमानदार खिडक्या आणि आतली झुंबरं चर्चच्या वास्तूशी उघड नातं सांगतात. ज्यांच्या धाकाने देव हलवले त्यांच्याच इमारतींतून या लोकांनी आपल्याला हवं ते उचललं. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि देवळाचं देऊळपणही कुठे गेलं नाही. कारण गर्भगृह, सभामंडप, प्रदक्षिणा, दीपस्तंभ, पुढचं तळं हा सगळा क्रम जागेवर होता. क्रम जागेवर ठेवून रूप बदलणं हे आपल्याकडे नवं नाही. उलट क्रम मोडून रूप चिकटवणं हे आपल्या पिढीचं.

आणि जोड देणं ही तर वाड्याची घडणच आहे. वाडा खणांनी वाढतो. दोन खांबांमधला तो खण. पाच खणांचा सोपा, सात खणांचं माजघर अशी मोजदाद. कुटुंब वाढलं, पैसा आला, की मागे आणखी एक चौक. कोकणात पैसा फारसा येत नसे, म्हणून तिथे पाखं खाली उतरवून पडवी काढत. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या, मग चौफेर. भाऊ वेगळे झाले की माजघरात कुड उभा राहून दोन चुली पेटत. ज्याला आपण 'मूळ घर' म्हणतो ते बहुतेक वेळा तीन-चार पिढ्यांनी, हातात त्या वेळी जे होतं त्यातून वाढवलेलं असतं. मग ही वाढ नेमकी आपल्या जन्माच्या वर्षी का थांबवायची?

हे झालं माझ्या बाजूचं. आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करू, कारण ते थोडंथोडकं नाही.

पहिलं म्हणजे आधुनिक वास्तुरचनेच्या नावाखाली इथे जे झालं ते बऱ्याचदा लाजिरवाणं आहे. ज्या पट्ट्यात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे वळचण नसलेल्या उघड्या भिंती आणि सपाट स्लॅब घालणाऱ्याला काय म्हणायचं? स्लॅब गळतो. मग त्यावर डांबर ओततात, मग रसायनं फासतात, आणि शेवटी लोखंडी सांगाडा उभारून त्यावर उतरत्या पत्र्याचं छप्पर घालतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्याही रस्त्याने जा, स्लॅबच्या डोक्यावर निळ्या-लाल पत्र्याची टोपी घातलेली घरं रांगेने दिसतील. म्हणजे उतरतं छप्पर पाडून स्लॅब घातला आणि स्लॅब वाचवायला पुन्हा उतरतं छप्पर घातलं. एका छपराच्या जागी दोन छपरांचा खर्च. पश्चिमेकडच्या मोठ्या काचा लावून आत दिवसभर एसी चालवणारे बंगले हा याच जातीचा दुसरा नमुना.

वास्तुविशारदांचा यावर एक आवडता बचाव असतो: व्हेनिसची 1964 ची सनद, म्हणजे जुन्या वास्तू कशा जपाव्यात याचा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज. जुन्या वास्तूत जे नवं काम टाळता येत नाही ते वेगळं ओळखू यावं, त्यावर आपल्या काळाची मोहोर असावी, असं तिचं नववं कलम सांगतं. त्यावर बोट ठेवून वाटेल ती काचेची पेटी वाड्याला टेकवता येते. पण त्याच सनदेचं तेरावं कलम म्हणतं की वास्तूचे महत्त्वाचे भाग, तिचा तोल आणि भोवतालाशी असलेलं तिचं नातं यांना बाध येत नसेल तरच जोड द्यावी. हे कलम फारसं कुणी म्हणून दाखवत नाही. शिवाय ती सनद स्मारकांसाठी लिहिलेली आहे, आजीच्या घरासाठी नाही. वास्तुविशारद फ्रँक गेरी यांनी 1978 च्या सुमारास कॅलिफोर्नियात आपल्याच जुन्या घराभोवती पन्हळी पत्रा आणि कुंपणाची जाळी गुंडाळली, शेजारी चिडले, आणि वास्तुकलेच्या जगात ते घर गाजलं. ठीक आहे, पत्रा आणि जाळी गुंडाळलेली घरं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत, त्यांना कुणी पारितोषिक दिलेलं ऐकिवात नाही.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. घर मालकाचं असलं तरी त्याचा रस्त्याकडचा चेहरा एकट्या मालकाचा नसतो. गल्लीतल्या साऱ्या घरांची वळचण एका उंचीला असते, ओटे एका रेषेत असतात. त्यातलं एक घर तीन मजले वर गेलं की बाकीच्यांचा उजेड जातो आणि गल्लीचा तोलही. हे शंभर टक्के खरं. पण यातून निघतं ते उंचीचं, रेषेचं आणि वस्तुमानाचं बंधन. कौलाची नक्कल यातून निघत नाही. मुंबईच्या ओव्हल मैदानावर उभं राहून बघा. पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, दोन्ही 1878 च्या सुमारास पुरी झालेली, टोकदार कमानींची गॉथिक कामं. पश्चिमेला 1930 च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती: काँक्रीटच्या, गोलाकार सज्ज्यांच्या, त्या काळच्या मानाने अगदी उद्धट नव्या. 'समोर गॉथिक आहे, तुम्हीही टोकदार कमानी करा' असं त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांच्यावर शिस्त होती ती उंचीची आणि रस्त्याच्या रेषेची. 2018 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलं ते या दोन्ही रांगांना मिळून. पश्चिमेच्या रांगेने पूर्वेची नक्कल केली असती, तर आज तिथे वारसा एकच असता आणि समोर त्याची स्वस्त प्रत.

तिसरा मुद्दा कारागिरांचा, आणि मला तो सगळ्यात अवघड वाटतो. नकलेत का होईना पण सुताराला काम मिळतं. जुन्या धर्तीची मागणीच संपली तर कडीपाट कसा जोडायचा, तुळईला खाच कशी घ्यायची, चुन्याची घाणी कशी फिरवायची हे सांगणारा माणूस उरणार नाही. पण प्रत्यक्षात नकलेतून कुणाला काम मिळतं ते तपासा. फायबरची महिरप साच्यातून येते. 'लाकडी' खांब हा काँक्रीटवरचा रंगाचा हात असतो. स्लॅबवर कौलं चिकटवणारा माणूस टाइल बसवणारा असतो, त्याला पाखं, आढं, वासे यांच्याशी देणंघेणं नसतं. खऱ्या गवंड्याला आणि सुताराला काम मिळतं ते जुना भाग दुरुस्त होतो तेव्हा. कुजलेलं वाशाचं टोक कापून नवं सांधायला, वाळवी लागलेल्या खांबाचा तळ बदलायला, फुगलेली भिंत उतरवून पुन्हा रचायला जे हात लागतात तेच जपण्यासारखे आहेत. आणि मालक जुना भाग दुरुस्त कधी करतो? त्या घरात राहणं त्याला परवडतं आणि सोसतं तेव्हा. बहुतेक घरांत ते नव्या जोडीशिवाय होत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जुन्या घराला जोड हवी म्हणून कोण मागतं? स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास, म्हाताऱ्या माणसासाठी तळमजल्यावर झोपायची खोली. मागणी यांची असते, म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या बाईची आणि आजारी माणसाची. आणि 'घराचं रूप बिघडवू नका' कोण म्हणतं? वर्षातून दोनदा, गणपतीला आणि मे महिन्यात, मुंबई-पुण्याहून किंवा त्याहून लांबून येणारा. त्याला आपलं बालपण जसंच्या तसं उभं हवं असतं. त्या बालपणात चुलीच्या धुरात डोळे लाल करून बसलेलं कुणीतरी होतं, रात्री परसातल्या संडासापर्यंत कंदील घेऊन जाणारं कुणीतरी होतं. ते कुणीतरी तो नसतो.

जुन्या घराच्या आराखड्यात केवळ हवामानाचं शहाणपण नव्हतं, समाजाची उतरंडही होती. अंगणात कोण थांबणार, ओटीवर कोण टेकणार, माजघराचा उंबरा कोण ओलांडणार हे जात ठरवत असे. बाळंतिणीला अंधारी खोली, सोवळ्यातल्या विधवेला मागचा कोपरा. वाड्याच्या चौकात ऊन-वारा खेळत असे हे खरं, पण त्या चौकाकडे उघडणारी ओसरी पुरुषांची होती आणि बायकांचा दिवस त्यामागच्या काळोखात जात होता. म्हणून 'सगळं जसंच्या तसं जपा' ही मागणी मला मान्य नाही. घराची पाण्या-वाऱ्याची रीत जपायची, माणसांना लावलेल्या पायऱ्या मोडायच्या, हे दोन्ही एकाच वेळी करावं लागेल. आणि इथेच आधुनिकता कामाला येते: मोठी खिडकी, उजेडाचं आणि रस्त्याकडे तोंड असलेलं स्वयंपाकघर, आतून कडी लागणारी न्हाणी. या गोष्टी जुन्या वेषात झाकून आणायची गरजच काय?

मग कुणी किल्लारीच्या भूकंपाचं नाव काढतं, आणि काढलंच पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या गावांत सरकारी नोंदीनुसार जवळपास आठ हजार माणसं गेली; बहुतेक आपल्याच घराखाली. दगडाच्या जाड दुपदरी भिंती, दोन पदरांमध्ये खडी-मातीची भर, सांधायला मातीच, आणि दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. वर माळवद: दरवर्षी पावसाआधी मातीचा नवा थर, असं करत करत छपराचं ओझं पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेलं. 'परंपरेत सगळं शहाणपण भरलेलं आहे' म्हणणाऱ्याने या भिंतींचं वर्णन एकदा सावकाश वाचावं. पानशेतच्या पुरात, 12 जुलै 1961 रोजी, पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या भिंती पाण्यात बसल्या, तेव्हाही हेच दिसलं होतं.

पण किल्लारीची गोष्ट इथे संपत नाही. जिथे खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा धड होता तिथे भिंती बाहेर ढासळल्या तरी खणांनी छप्पर तोलून धरल्याची उदाहरणं होती. म्हणजे परंपरेतला एक भाग माणसं मारत होता आणि दुसरा वाचवत होता. जी घरं उभी राहिली ती बळकट करण्याच्या कामात तज्ज्ञांनी काय सुचवलं? छपरावरची जादा माती उतरवा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरा, म्हणजे दोन्ही पदर बांधले जातील. भिंतीच्या माथ्यावरून काँक्रीटचा पट्टा फिरवा. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे टेकू द्या. जुन्या घराला दिलेली इतकी नेमकी आधुनिक जोड मला दुसरी माहीत नाही, आणि बाहेरून ती जवळजवळ दिसतही नाही. याउलट ज्या गावांचं पुनर्वसन नव्या जागी झालं तिथे सरळ रस्ते, सुटे भूखंड आणि चौकोनी घरं आली. मजबुतीचा प्रश्न सुटला, पण त्यांत ना अंगण होतं, ना ओसरी, ना धान्याची आणि गुरांची सोय. मग लोकांनी आपल्या हातांनी पुढे पत्र्याची पडवी ओढली, कुंपणाच्या भिंती घातल्या. राहणाऱ्यांनी काँक्रीटला नाकारलं नाही. काँक्रीटमध्ये आपली रीत नव्हती, ती त्यांनी मागाहून जोडली.

रीत पाळणारी जोड कशी असते, याची उदाहरणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. साबरमतीला हृदयकुंज या गांधीजींच्या राहत्या घराशेजारी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1963 साली संग्रहालय पुरं केलं. शेजारीच साऱ्या देशाने डोक्यावर घेतलेलं घर; नक्कल करायचा मोह केवढा मोठा. त्यांनी विटांचे खांब, उतरत्या कौलांची चौकोनी छपरं, लाकडी झडपा आणि फरसबंदी घेतली. पण त्या चौकोनांच्या मध्ये काँक्रीटच्या पन्हळी उघड्या ठेवल्या, ज्या तुळईचंही काम करतात आणि पावसाचं पाणीही वाहून नेतात. ती इमारत 1917 ची वाटावी असा प्रयत्नच तिथे नाही. तरी हृदयकुंजातून तिथे जाताना आपण परक्या घरात शिरलो असं वाटत नाही. लॉरी बेकर यांनी केरळात स्लॅबच्या पोटात, जिथलं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं, तिथे टाकाऊ मंगळुरी कौलं भरली: सिमेंट वाचलं, छप्पर हलकं झालं. श्रीलंकेत जेफ्री बावा यांनी पन्हळी सिमेंट पत्र्यावर जुन्या धर्तीची कौलं अंथरली. वरचं कौल उन्हाचा तडाखा घेतं, खालचा पत्रा गळती अडवतो. यातलं कोणतं परंपरेचं आणि कोणतं आधुनिक? स्लॅबवर सिमेंटने चिकटवलेल्या कौलाला मात्र यातलं एकही काम नसतं.

कोकणात आज लोक कौलं का काढताहेत? सौंदर्यदृष्टी मेली म्हणून नाही. वानरं उड्या मारून कौलं फोडतात, दरवर्षी पावसाआधी छप्पर चाळायला, म्हणजे कौलं उतरवून फुटकी बदलून पुन्हा बसवायला, माणूस मिळत नाही, आणि चढणारा पोरगा मुंबईला गेलेला आहे. या माणसाला 'कौलं काढू नका' असा उपदेश करण्यापेक्षा बावांची युक्ती सांगा, तो ऐकेल.

कामाच्या पातळीवर आणखी तीन-चार गोष्टी आहेत, ज्यांवर फोटो बघून भांडणारे कधीच बोलत नाहीत. घराला घर जोडलं की पाणी सांध्यातून शिरतं. म्हणून जोड जुन्या भिंतीला चिकटवण्यापेक्षा मध्ये हात-दोन हातांची हलकी, झाकलेली वाट ठेवणं शहाणपणाचं. जुन्या जोत्याचा पाया उथळ असतो. त्याला लागून खोल खड्डा मारला की पहिल्या पावसाळ्यात भिंतीला तडा जातो. नव्या स्लॅबची तुळई जुन्या मातीच्या भिंतीवर टेकवणं म्हणजे तर संकटाला आमंत्रणच. नव्याने आपलं वजन आपल्याच पायांवर उचलावं. आणि चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. चुना आणि माती ओल घेतात आणि परत टाकतात. सिमेंट ती आत कोंडतं, मग भिंत आतून भुसभुशीत होते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. गंमत अशी की 'घराचं मूळ रूप टिकवलं' म्हणून कौतुक झालेल्या कित्येक घरांना सिमेंट फासून वर चुन्यासारखा पांढरा रंग दिलेला असतो. रूप टिकलं, भिंत चालली.

नियमही याच दृष्टिदोषाने लिहिलेले आहेत. 1995 साली मुंबईसाठी झालेली वारसा नियमावली ही देशातली या प्रकारची पहिली, आणि तिच्यामुळे बरंच काही वाचलं, हे नाकारणार नाही. पण दुसऱ्या श्रेणीच्या 'ब' गटातल्या वास्तूला वाढीव बांधकाम करायचं तर ते मूळ इमारतीशी सुसंगत हवं, विशेषतः उंची आणि दर्शनी भाग यांबाबत, असं ती सांगते. उंचीचं मी वर म्हटलंच, ते योग्य आहे. पण उंची आणि दर्शनी भाग एवढ्यावर नजर ठेवली की परवानगीसाठी येणारा प्रत्येक अर्जदार दर्शनी भागाचं नाटक करायला शिकतो. समितीने समोरून दिसणाऱ्या चित्राच्या आधी घराचा उभा छेद, म्हणजे घर वरून खाली कापल्यावर आतलं दिसेल तसं रेखाटन, मागावा: पाणी कुठे उतरतं, सांधा कसा आहे, नवं वजन कशावर जातं, चौक उघडा राहतो की त्यावर पॉलिकार्बोनेटचं झाकण येतं. एवढे चार प्रश्न विचारले तर निम्मी ढोंगी 'वाडाशैली' अर्जाच्या टेबलावरच उघडी पडेल.

आणि पुण्याचे वाडे आधुनिकतेने पाडले असं जे म्हटलं जातं ते तर निव्वळ खोटं आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडं 1940 च्या पातळीला बांधलं. दुरुस्तीच्या एका दिवसाच्या मजुरीलाही पुरणार नाही असं महिन्याचं भाडं घेणारा मालक छप्पर कशाला चाळेल? 1999 च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण ती मुळातच क्षुल्लक रकमेवर. भाडेकरूला संरक्षण हवंच होतं, त्याची बाजू मी नाकारत नाही. पण दुरुस्तीचा पैसा कुठून येणार हा प्रश्न कुणीच सोडवला नाही. भिंती गळत राहिल्या, मालक वाट बघत राहिले, आणि वाडा पडला की जमिनीचा भाव हातात आला. त्या वेळी कुणी दोन खण नीट करून, मागे स्वतंत्र स्वयंपाकघर-संडासांची नवी इमारत जोडून वाडा राहता ठेवला असता, तर आज ज्यांना ती जोड विजोड वाटली असती त्यांना निदान तक्रार करायला वाडा तरी उरला असता.

गावाकडच्या घरांची अडचण वेगळी आहे. तिथे घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर, वारस पंचवीस-तीस, त्यातले निम्मे एकमेकांशी बोलत नाहीत. घर पाडून नवं बांधायचं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, त्या मिळत नाहीत; दुरुस्ती करायची तर खर्च एकाने का करायचा म्हणून तीही होत नाही. परसात, जुन्या जोत्याला धक्का न लावता, स्वतःच्या पायावर उभ्या केलेल्या दोन खोल्यांना भावकीची हरकत त्या मानाने कमी असते, कारण उद्या वाटण्या झाल्या तर त्या बाजूला काढता येतात. अशा खोल्या बांधून जो एक भाऊ गावात राहतो तोच मोठ्या घरात रोज दिवा लावतो, वाळवी बघतो, फुटलेलं कौल बदलतो. त्याच्या खोल्यांवर सपाट स्लॅब आहे की उतरता पत्रा, यावर बाकीच्यांनी गणपतीत भांडावं. पत्रा असेल तर बरं, एवढंच मी त्याला सांगेन, आणि वळचण दोन हात तरी पुढे काढायला सांगेन.